तीन कमानी आणि एक रिकामी गल्ली

कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने आपल्याकडच्या हजारो चित्रांच्या प्रतिमा इंटरनेटवर फुकट टाकल्या आहेत, आणि सोबत एक एपीआयही दिलाय. हे मला कळलं ते चित्रकलेच्या नव्हे, एपीआयच्या नादामुळे. एका रविवारी काही काम नव्हतं म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली : रोज सकाळी त्या संग्रहातलं एक चित्र उचलायचं आणि लॅपटॉपचा वॉलपेपर म्हणून लावायचं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत चित्रकलेशी माझा संबंध ड्रॉइंग शीटपुरताच. टॉप व्ह्यू, फ्रंट व्ह्यू, साइड व्ह्यू. डेन्मार्क म्हटलं की लेगो आठवायचं, बस्स.

मग एका सकाळी एकर्सबर्ग आला.

तीन दगडी कमानी. भिंती जुन्या, पडक्या. कमानींपलीकडे उन्हात पसरलेलं शहर, घरांची छपरं, चर्च, मनोरे. हे रोमचं कलोसियम, त्याच्या वरच्या मजल्यावरून पाहिलेलं, १८१५-१६च्या सुमाराचं. चित्र तसं लहान आहे, ए-थ्री कागदापेक्षा जरासं मोठं. पण इतकं नेमकं, की मी फोटोच समजलो असतो. फोटोग्राफी जगासमोर यायला तेव्हा अजून वीसेक वर्षं होती.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की या नेमकेपणात एक गोम आहे. तीन कमानींतून दिसणारी ती तीन दृश्यं एका जागी उभं राहून एकाच वेळी दिसूच शकत नाहीत. एका कमानीतलं दिसलं, की दुसऱ्यासाठी दोन पावलं सरकावं लागतं. क्रिस्टोफर विल्हेल्म एकर्सबर्गने तीन जागांवरून पाहिलेलं एका भिंतीत बसवलं, आणि सांधा कुठे दिसू दिला नाही. याच माणसाने पुढे १८४१ साली पर्स्पेक्टिव्हवर पुस्तक लिहिलं. म्हणजे चूक नव्हे, ठरवून केलेलं काम.

मला प्रश्न पडला तो निराळाच. रोममध्ये बसून एवढ्या शांतपणे दगड मोजणाऱ्या या माणसाच्या देशात तेव्हा काय चाललं होतं?

त्याच्या देशाचं दिवाळं वाजलं होतं. अगदी शब्दशः. नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क तटस्थ होता, पण त्याच्याकडे मोठं आरमार होतं. ते नेपोलियनच्या हाती पडेल या भीतीने सप्टेंबर १८०७मध्ये ब्रिटिशांनी तीन रात्री कोपनहेगनवर मारा केला. युद्धनियम वगैरे विसरून, भर वस्तीवर. तोफगोळ्यांबरोबर काँग्रीव्हची रॉकेटंही पडली. (श्रीरंगपट्टणला टिपूच्या सैन्याची जी रॉकेटं ब्रिटिशांच्या हाती लागली, ती समोर ठेवून काँग्रीव्हने ही बनवली होती. म्हैसूरची विद्या अशी कोपनहेगनच्या छपरांवर उतरली.) शहराचं मुख्य चर्च जळालं, त्याचा मनोरा कोसळला. आरमार ब्रिटिश घेऊन गेले. एकर्सबर्ग तेव्हा तिथल्या अकादमीत शिकत होता. त्याने त्या आगीची चित्रंही काढली. मग तो परदेशी गेला, पॅरिसमध्ये झाक-लुई दाविदच्या हाताखाली शिकला, १८१३ साली रोमला पोचला. त्याच वर्षी जानेवारीत डेन्मार्कचं सरकार दिवाळखोरीत निघालं होतं. पुढच्या जानेवारीत चारशेहून अधिक वर्षं डॅनिश मुकुटाखाली असलेला नॉर्वे स्वीडनला देऊन टाकावा लागला.

डॅनिश चित्रकलेचं ‘सुवर्णयुग’ म्हणतात ते या खड्ड्यातून सुरू होतं. हे नाव अर्थातच नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिकटलं. जगत असताना कुणाला आपलं युग सोन्याचं वाटत नाही.

एकर्सबर्ग १८१६ साली परतला आणि १८१८ साली अकादमीत प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना त्याने स्टुडिओतून उठवून बाहेर नेलं. उघड्यावर बसून तैलरंगात काम करणं हा काही त्याचा शोध नाही. रोममध्ये तेव्हा फ्रेंच, जर्मन, ब्रिटिश असे सगळेच ते करत होते. पण तिथे ती सरावाची गोष्ट होती. यानं ती शिक्षणात आणली. स्वतः तो रोज हवामानाच्या नोंदी करायचा. जहाजं तर असा रंगवायचा, की दोरखंड कुठे बांधलाय ते कळावं. त्याची बायबलमधली आणि राजघराण्याची मोठी चित्रं मात्र मला कंटाळवाणी वाटतात. ती आली की मी वॉलपेपर हाताने बदलतो.

चित्रं लहान होण्यामागे साधं अर्थकारणही होतं. दरबाराकडे पैसा नाही. विकत घेणारे कोण, तर व्यापारी, सरकारी नोकर, त्यांच्या घरातल्या बेताच्या भिंती. तिथे घोड्यावरचा सेनापती कुठे टांगणार? मग अंगण, खिडकी, बायकोचा चेहरा, बंदरातलं जहाज.

यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो क्रिस्टन क्योब्के. एका बेकरीवाल्याचा मुलगा. वडील कोपनहेगनच्या किल्ल्यात पाव भाजायचे आणि क्योब्के तिथेच वाढला. त्याचं १८३८चं एक चित्र बघा. शहराबाहेरचं तळं, संध्याकाळ, लाकडी धक्क्यावर दोन बायका पाठमोऱ्या उभ्या, पलीकडून एक होडी येतेय. काहीही घडत नाही. आणि धक्क्यावर एका काठीला डॅनिश झेंडा.

हा झेंडा मी आधी नुसता लाल रंगाचा ठिपका समजून सोडून दिला होता. पण १८३४पासून डेन्मार्कमध्ये खासगी नागरिकांना झेंडा लावायला बंदी होती, ती १८५४पर्यंत टिकली. म्हणजे ‘काहीही न घडणाऱ्या’ त्या संध्याकाळी काहीतरी घडतंय. क्योब्के त्याबद्दल आवाज करत नाही, इतकंच. १८४६ साली अकादमीने त्याला सदस्यत्व नाकारलं. १८४८ साली न्यूमोनियाने तो गेला, वय ३७.

इथे एक मोह होतो, आणि मलाही झाला. ते आकाश, तो उघड्यावरचा उजेड पाहून वाटतं, अरे, हे तर इम्प्रेशनिस्टांच्या तीस-चाळीस वर्षं आधीचं! मोने तर १८४०मध्ये जन्मला! आपल्याकडे विमान आधीच होतं म्हणणाऱ्या काकांसारखं हे आहे. युरोपच्या कलेचा इतिहास बहुतेक ठिकाणी पॅरिसची मेन ब्रँच म्हणून सांगितला जातो : दाविद, दलाक्रवा, कूर्बे, माने, मोने. बाकीचे देश त्या ब्रँचच्या किती पुढे, किती मागे, एवढंच मोजायचं. क्योब्केला ‘आधीचा मोने’ म्हटलं, तर आपण तेच मोजमाप मान्य केलं. शिवाय ते खरंही नाही. मोनेला बदलत जाणारा क्षण हवा होता. क्योब्केला तो क्षण थांबलेला हवा आहे, प्रत्येक फळीची कड शाबूत ठेवून.

गंमत म्हणजे ही डॅनिश ब्रँच पॅरिसमध्ये खरोखरच मर्ज झाली, पण भलत्याच रस्त्याने. कामी पिसारो, इम्प्रेशनिस्टांच्या आठही प्रदर्शनांत भाग घेतलेला एकमेव चित्रकार, जन्माने डॅनिश प्रजाजन होता आणि १९०३ साली मरेपर्यंत डॅनिश नागरिकच राहिला. तो जन्मला कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर. ती डेन्मार्कची वसाहत होती. तिथे त्याला फ्रिट्झ मेल्बी नावाचा तरुण डॅनिश चित्रकार भेटला. १८५२ साली दोघे घर सोडून व्हेनेझुएलाला गेले. मेल्बी चित्रकला शिकला होता थोरला भाऊ आंतोनकडून, आणि आंतोन शिकला होता एकर्सबर्गकडे. पिसारो १८५५ साली पॅरिसला आल्यावर याच आंतोनच्या हाताखाली काम करत होता.

ही साखळी जुळली तेव्हा मला आनंद झाला, आणि लगेच अस्वस्थही वाटलं. कारण त्या बेटांवर पिसारोच्या बालपणी गुलामगिरी होती. सेंट क्रॉय बेटावरच्या गुलामांनी उठाव केला तेव्हा कुठे, १८४८ साली, ती संपली. क्योब्के गेला तेच वर्ष. कोपनहेगनच्या बंदरात उतरणारी साखर तिथून यायची. माझ्या लॅपटॉपवर महिनोन्‌महिने सुवर्णयुगाची चित्रं येत होती. त्यांत साखर कुठून आली हे सांगणारं एकही आलं नाही. दारं, तळी, उन्हातल्या भिंती. सारं नेमकं, आणि नेमकं तेवढंच.

१८४४ साली निल्स लॉरिट्स ह्योयन या कला-इतिहासकाराने चित्रकारांना व्याख्यानातून सांगितलं, की राष्ट्रीय कला घडवायची तर नजर आपल्याच माणसांकडे, आपल्याच निसर्गाकडे वळवा. नजर आणखी आत आली. मग १८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रियाशी युद्ध झालं, आणि श्लेस्विग, होल्स्टाइन, लाउएनबुर्ग तिन्ही गेले. एकर्सबर्गचं जन्मगावही त्यात गेलं, पण तो ते बघायला जिवंत नव्हता.

त्याच १८६४मध्ये विल्हेल्म हामर्सहॉय जन्मला. तो माझ्या स्क्रिप्टने आणला नाही, मी शोधत गेलो. १८९८ ते १९०९ तो आणि त्याची बायको इडा कोपनहेगनच्या स्ट्रांडगेड ३० या जुन्या घरात राहिले, आणि त्या खोल्या त्याने पुन:पुन्हा रंगवल्या. करडा रंग, उघडी दारं, कधी इडाची पाठ. १९०० सालच्या एका चित्रात तर तीही नाही. रिकामी खोली, खिडकीतून तिरपं येणारं ऊन, उन्हात तरंगणारी धूळ, आणि शेजारी एक दार. दार नीट पाहिलं, की लक्षात येतं, त्याला मूठच नाही. कलोसियमच्या कमानींसारखंच हेही. सगळं मोजून-मापून खरं, आणि उघडता न येणारं.

त्याच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, डॅनिश एशियाटिक कंपनीच्या जुन्या इमारती होत्या. शेवटची काही वर्षं तो त्यांतल्याच एकीत राहायला गेला, १९१६ साली गेला तोही तिथे राहत असतानाच. या कंपनीची जहाजं तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला, चीनमधल्या कँटनला आणि हुगळीकाठच्या श्रीरामपूरला जायची. श्रीरामपूर तेव्हा डॅनिशांचं होतं, ते त्याला फ्रेडरिक्सनगर म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी आणि मंडळींनी छापखाना त्या डॅनिश गावात थाटला. १८०५ साली केरीचं मराठी व्याकरण तिथे छापून निघालं, १८१०मध्ये मराठी-इंग्रजी कोश. मधल्या काळात, कोपनहेगन जळाल्यावर, ब्रिटिशांनी ते गावही काही वर्षं ताब्यात घेतलं होतं.

हामर्सहॉयने त्या इमारती १९०२ साली रंगवल्या. दोन उंच भिंती, मध्ये धुकट उजेड, त्यात जहाजाच्या डोलकाठ्या, पुसल्यासारख्या. गल्लीत एकही माणूस नाही. मी स्क्रीनवर झूम करून पाहिलं, कोपऱ्यांतसुद्धा.