उमेदवारीचें मोल

नव्यानें कामावर लागलेल्या तरुण मजुरास जुन्या कामगारापेक्षां कमी वेतन असावें, हा विचार इतका रूढ आहे कीं, त्याचें समर्थन करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाहीं. हात बसलेला नाहीं, काम संथ होतें, माल बिघडतो. मग पूर्ण वेतन कशाचें, असें मालक विचारतो, आणि ऐकणारास तें सयुक्तिक वाटतें. आपल्या भाषेनें या स्थितीस ‘उमेदवारी’ असें गोड नांव दिलें आहे. उमेद म्हणजे आशा. आणि कचेरींत बिनपगारी लेखणी चालविणारा उमेदवार खरोखरच आशेवर दिवस काढीत असे. परंतु आशा ही वेतनाची जागा घेऊं शकते काय, आणि घेत असेल तर कोणत्या अटीवर, याचा निवाडा केवळ तर्कानें होणारा नाहीं. या बाबतींत इंग्लंडचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. कारण तेथें हा प्रश्न सुमारें अडीचशें वर्षें कायद्याच्या कक्षेंत होता.

इ. स. १५६३ मध्यें एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत कारागिरांविषयींचा प्रसिद्ध कायदा झाला. त्या वेळीं चालूं असलेल्या धंद्यांपैकीं कोणताही करावयाचा, तर निदान सात वर्षें शागिर्दी केली पाहिजे, असें त्यानें ठरविलें. शागीर्द उस्तादाच्या घरीं राही व त्याच्या अन्नावर वाढे. रोख वेतन त्यास बहुधा मिळत नसे. उलट मुलास ठेवून घेण्याबद्दल बापच पुष्कळदां उस्तादास रक्कम मोजीत असे. ही व्यवस्था जाचक होती यांत संशय नाहीं; तथापि तींतील सौदा स्पष्ट होता. मुलानें श्रम द्यावे. उस्तादानें अन्न, निवारा आणि विद्या द्यावी. आणि मुदत संपतांच शागिर्दास तो धंदा करण्याचा अधिकार प्राप्त व्हावा. वेतन नव्हतें असें नव्हे. तें विद्येच्या रूपानें दिलें जात होतें.

या सौद्यांतील व्यंग ॲडम स्मिथनें इ. स. १७७६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथांत दाखवून दिलें. घड्याळ बनविण्याची युक्ति प्रथम शोधून काढणें हें मोठ्या बुद्धीचें काम खरें. पण ती एकदां निघाल्यावर तरुणास समजावून देण्यास कांहीं आठवडे पुरेत, आणि साध्या यांत्रिक धंद्यांत तर कांहीं दिवसही पुरेत, असें त्याचें म्हणणें होतें. हात बसण्यास मात्र दीर्घ सराव लागतो, हें तो मान्य करतो. म्हणूनच त्याची सूचना अशी कीं, तरुणास पहिल्या दिवसापासून त्याच्या हातून होईल तितक्या कामाचें वेतन द्यावें, व त्यानें बिघडविलेल्या मालाची किंमत त्यानें भरावी. असें केल्यास तो अधिक मन लावून काम करील. यांत तोटा कोणाचा? उस्तादाचा, कारण सात वर्षें वांचणारें वेतन त्यास द्यावें लागेल. सात वर्षांची मुदत विद्येसाठीं होती कीं या बचतीसाठीं, हा प्रश्न त्यानंतर टाळतां येण्यासारखा राहिला नाहीं.

पुढें कापसाच्या गिरण्यांनीं त्याचें उत्तर दिलें. इ. स. १६०१ च्या दारिद्र्यविषयक कायद्यानें निराश्रित मुलांस शागीर्द म्हणून बांधून देण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यांस मिळाला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस अशीं मुलें लंडनसारख्या दूरच्या शहरांतूनही गिरण्यांकडे धाडलीं जाऊं लागलीं. त्यांस शागीर्द म्हणत. पण तुटलेला धागा जोडणें आणि यंत्राखालचा कापूस झाडून काढणें यांत शिकण्याजोगें असें काय होतें? १८०२ च्या कायद्यानें या मुलांकडून दिवसांत बारा तासांहून अधिक काम घेऊं नये व त्यांस थोडें लेखन, वाचन व गणित शिकवावें असें ठरविलें. विद्या देण्याचा करार ज्यांच्या नांवांतच होता, त्यांस विद्या मिळावी म्हणून निराळा कायदा करावा लागला! १८१४ मध्यें सात वर्षांचें बंधन रद्द झालें. शिक्षणाची सक्ति गेली. नवशिक्याचें अल्प वेतन मात्र मागें राहिलें.

आपल्याकडे इ. स. १८५० मध्यें अनाथ व गरीब मुलांस धंदेशिक्षणासाठीं बांधून देण्याचा कायदा झाला. आणि १८५६ मध्यें मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. या गिरण्यांत शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था जवळजवळ नव्हती. रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यांतून आलेला तरुण एखाद्या आप्ताच्या साच्याजवळ उभा राहून, पाहून पाहून काम शिके. नोकरी लावून देण्याबद्दल जॉबरास दस्तुरी द्यावी लागे. ही चाल १९३१ च्या राजकीय मजूर आयोगाच्या अहवालांत नमूद आहे. पुढें तो ‘बदली’ म्हणून रोज गिरणीच्या दारांत उभा राही; कोणी गैरहजर असेल तरच त्यास काम. त्याचें वेतन दरानें नव्हे, तर दिवसांनीं तुटपुंजें होई. येथें शिकविणारा सोबतीचा कामगार, फी घेणारा जॉबर, आणि तयार हाताचा लाभ गिरणीस! गिरणीनें त्यास शिकविलें, म्हणून त्यानें कमी घ्यावें, असें म्हणण्यास जागाच उरत नाहीं.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. नव्या माणसास पूर्ण वेतन द्यावें लागलें तर मालक त्यास घेणारच नाहीं, आणि तरुण रस्त्यावर राहील. याच भीतीनें ब्रिटननें १९९९ मध्यें किमान वेतन सुरू करतांना बावीस वर्षांवरील कामगारांस ताशीं ३ पौंड ६० पेन्स, तर अठरा ते एकवीस वर्षांच्यांस ३ पौंड असा भेद ठेवला. आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यानेंही प्रौढ, किशोर, बालक व शिकाऊ यांस निरनिराळे दर ठरविण्याची मुभा दिली होती. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. परंतु त्यानें सिद्ध काय होतें? अल्प वेतन कदाचित् सोयीचें असेल, इतकेंच. न्याय्य आहे असें नव्हे. एकवीस वर्षांचा व बावीस वर्षांचा असे दोघे एकाच गाडींतून सारख्याच पेट्या उतरवीत असतील, तर त्यांच्या मजुरींत अंतर ठेवण्यास वय हें कारण पुरेसें नाहीं. पोट वयाप्रमाणें भाडें कमी घेत नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या घरास मुलाच्या कमाईवांचून चार वर्षें निभावतां येतें, त्याच घरचा मुलगा कसब शिकूं शकतो. ज्याच्या घरीं संध्याकाळच्या भाकरीची पंचाईत, तो शिकाऊपणाच्या तुटपुंज्या वेतनापेक्षां हमालीचे चार पैसे आज पसंत करतो, आणि जन्मभर हमालच राहतो. म्हणून आरंभींचें वेतन अल्प ठेवण्यांत जो अन्याय होतो, तो कामावर असलेल्यावर जितका, तितकाच दारापर्यंतही न पोंचलेल्यावर होतो.

तेव्हां आमचा निर्णय असा. मालक खरोखर शिकवीत असेल, शिकण्याजोगें कांहीं असेल, मुदत आधीं ठरलेली असेल, आणि त्या मुदतींत शिकणाऱ्याचें पोट भरेल इतकें त्याच्या हातीं पडत असेल, तर कमी वेतनास आम्ही अन्याय म्हणणार नाहीं. उरलेली रक्कम त्यास विद्येच्या नाण्यांत पोंचते. यांतील एकही अट तुटली, तर उमेदवारीच्या नांवाखालीं तरुणाच्या श्रमाची उचल होते, आणि ती उचल फेडण्याचें बंधन कोणावरच राहत नाहीं.