ठाण्याची पायरी आणि वारली बाई

पोलीस दलात स्त्रिया किती, हा प्रश्न बहुधा नोकऱ्यांचा म्हणून मांडला जातो. डहाणू-तलासरीचा इतिहास वाचला की तो न्यायाचा प्रश्न वाटू लागतो.

या भागात लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वारली नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. आदिवासींची वेठ आणि त्यांच्या स्त्रियांवर जमीनदारांकडून होणारे अत्याचार १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या सायमिंग्टन अहवालात आले आहेत. म्हणजे सरकारला सारे ठाऊक होते. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातल्या झरी गावी किसान सभेच्या परिषदेत हजारो वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. अशा पोलिसांकडे कोणती वारली बाई तक्रार घेऊन जाणार? ती गोदावरी परुळेकरांपुढे बोलली. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे ते दुःख मराठी वाचकांपर्यंत पोहोचले.

स्वातंत्र्यानंतरही ठाणे बदलले नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने तर अशा गुन्ह्यात पीडितेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी, असे ठरले.

पण कायदा अंमलात यायला ठाण्यात बाई हवी. महाराष्ट्रात पोलीस भरतीत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण आहे. तरी नुसत्या आकड्याने भागत नाही. तलासरीची बाई वारली बोलीत सांगते आणि फिर्याद उतरते कचेरीच्या मराठीत. मधे बरेच सांडते. तिची बोली जाणणारी तिच्याच पाड्यावरची मुलगी खाकीत असेल, तर ते सांडणार नाही.

हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या आया-बहिणींनाही ठाण्याची पायरी उंच वाटते. पोलीस आपले ऐकत नाहीत, असे आपण म्हणतो. मात्र मोहल्ल्यातली मुलगी भरतीसाठी मैदानावर धावायला निघाली, की पहिला प्रश्न तिच्या पोशाखाचा निघतो. ऐकणारे माणूस ठाण्यात हवे असेल, तर तिला धावू द्यायला हवे.