सरपंचपद आदिवासींसाठी राखीव, मग वाद कोर्टात का जातो? पेसा गावांनी माहीत ठेवायच्या गोष्टी

गावात निवडणूक लागली की महिनाभर धामधूम असते. गुलाल उधळला जातो, मिरवणूक निघते आणि दोन महिन्यांनी गावाला कळतं की निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध कोणीतरी अर्ज केलाय. मग तारखांवर तारखा सुरू होतात. इकडे पाड्यावरची पाण्याची योजना, घरकुलाच्या याद्या, पेसाचा निधी सगळं अडकून पडतं. आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींमध्ये असे वाद कशावरून होतात आणि ते कुठे सोडवले जातात, याची ही माहिती.

राखीव पद आलं कुठून?

महाराष्ट्रातलं अनुसूचित क्षेत्र राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने ठरलं. पालघर, नाशिक, नंदुरबार, धुळे, गडचिरोली अशा जिल्ह्यांमधले काही तालुके पूर्ण, तर काही तालुक्यांतली फक्त ठराविक गावं त्यात आहेत. या भागासाठी संसदेने १९९६ मध्ये पेसा कायदा केला. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतीत आदिवासींच्या जागा निम्म्यापेक्षा कमी असत नाहीत आणि प्रमुखाचं पद, म्हणजे आपल्याकडे सरपंचपद, आदिवासी उमेदवारासाठीच राखीव असतं.

यावरच झारखंडमध्ये मोठा वाद झाला होता. सगळीच प्रमुखपदं एका समाजाला देणं म्हणजे शंभर टक्के आरक्षण, ते घटनेत बसत नाही, असं विरोधकांचं म्हणणं होतं. झारखंड उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही तरतूद रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०१० मध्ये तिथे निकाल लागला की अनुसूचित क्षेत्राची स्थिती वेगळी आहे, तिथल्या आदिवासींच्या हातात कारभार राहावा यासाठी हे आरक्षण योग्यच आहे. त्यानंतर २०१० च्या अखेरीस झारखंडमध्ये पंचायत निवडणुका झाल्या. त्याआधीच्या निवडणुका १९७८ साली, बिहार एकत्र असताना झाल्या होत्या. म्हणजे एक अख्खी पिढी निवडून दिलेल्या पंचायतीशिवाय गेली.

सगळ्यात जास्त वाद: जातीचा दाखला

पद राखीव आहे म्हटल्यावर उमेदवार खरोखर आदिवासी आहे का, हा प्रश्न येतोच. खोट्या दाखल्यावर कोणी निवडून आलं तर खऱ्या आदिवासीची जागा जाते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर निकाल देताना, दाखले तपासायची पद्धत घालून दिली. पुढे राज्याने त्यासाठी वेगळा कायदा केला. प्रांत कार्यालयातून मिळतो तो जातीचा दाखला. तो तपासून समिती देते ते वैधता प्रमाणपत्र, ज्याला गावात सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. हे दोन वेगळे कागद आहेत.

राखीव जागेवर उभं राहताना वैधता प्रमाणपत्र हातात नसेल, तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ‘मुदतीत प्रमाणपत्र देतो’ असं हमीपत्र जोडावं लागतं. ही मुदत मुळात निवडून आल्यापासून सहा महिन्यांची होती. काही निवडणुकांसाठी सरकारने ती बारा महिने केली. आपल्या निवडणुकीला कोणती मुदत लागू आहे ते तहसील कार्यालयातून लेखी विचारून घ्यावं. मुदत चुकली तर निवड आपोआप रद्द झाली असं धरलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये नगरपालिकांच्या अशाच तरतुदीबाबत ही अट बंधनकारक असल्याचं सांगितलं आहे.

इथे दुःखाची गोष्ट ही की खोटे दाखलेवाले जसे अडकतात, तसे खरे आदिवासीही अडकतात. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, जन्माची नोंद नाही, मग पुरावा आणायचा कुठून? अशा वेळी १९५० च्या आधीचे जुने कागद कामाला येतात: नातेवाइकांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली म्हणजे गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद, जमिनीचे जुने उतारे. रक्ताच्या नात्यातल्या कोणाला आधी वैधता मिळाली असेल तर तिची प्रतही जोडावी. हे कागद जमवायला महिने लागतात. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

पद जाण्याची इतर कारणं

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये अपात्रतेची यादी आहे. नेहमी समोर येणारी कारणं अशी:

– १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त होणं.
– बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर न भरणं.
– सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण. जागेवर अतिक्रमण घरच्या दुसऱ्या माणसाने केलं असलं, पण सदस्य तिथे राहत असला, तरी पद जाऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं.
– निवडणूक खर्चाचा हिशेब ३० दिवसांत न देणं.

वनजमिनीवर राहणाऱ्या किंवा कसणाऱ्या कुटुंबांनी वनहक्काचा पट्टा, दाव्याची पोच आणि ग्रामसभेचा ठराव जपून ठेवावा. अतिक्रमणाची तक्रार झाली तर हेच कागद दाखवावे लागतात.

दाद कुठे मागायची?

एकदा निवडणूक झाली की तिला थेट कुठेही आव्हान देता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २४३-ण नुसार कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच निवडणूक अर्ज करावा लागतो.

मतमोजणी, बाद मतं, चुकीने फेटाळलेला उमेदवारी अर्ज असे वाद असतील तर कलम १५ प्रमाणे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे जावं लागतं. निकाल जाहीर झाल्यापासून फक्त १५ दिवस मिळतात. अर्ज उमेदवार करू शकतो, तसाच त्या निवडणुकीतला मतदारही करू शकतो.

अपात्रतेचा वाद असेल तर कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. त्यांच्या निर्णयाविरुद्ध १५ दिवसांत अपील करता येतं.

दाखलाच खोटा असल्याची तक्रार असेल तर ती अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे. समितीच्या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं.

चुकीच्या दारात अर्ज दिला तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढंच उत्तर मिळतं आणि तेवढ्यात १५ दिवस निघून जातात. पुष्कळ लोकांचं नुकसान इथेच होतं.

ध्यानात ठेवा

प्रत्येक अर्जाची तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. उमेदवारी अर्जाची आणि शपथपत्राची झेरॉक्स ठेवा. कर भरल्याची पावती फाईलला लावा. वकील लावायची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही.

सरपंच कोण व्हावा हे गावाने मतपेटीतून ठरवायचं. पण कागद अपुरे असले तर ते दुसरंच कोणीतरी ठरवतं आणि तोवर पाड्यावरची बाई हंडा घेऊन डोंगर उतरतच असते.