कापूस गेला, आकडा राहिला

घाटंजीकडे कापसाच्या भावावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. याच कापसाच्या भावावर एकेकाळी मुंबईत जुगार चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावत.

१९६१ मध्ये हे भाव येणं बंद झालं. सट्टाही संपायला हवा होता. पण १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका काढला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा. आता आकडा मडक्यातल्या चिठ्ठीतून आणि पुढे पत्त्यांतून निघू लागला. नंतर क्रिकेटच्या सट्ट्याने मटक्याचं गिऱ्हाईक ओढलं. एका जुगाराचा गल्ला आटला, दुसऱ्याचा भरला. खेळणाऱ्याच्या घरातून पैसा जातच राहिला.

सरकारलाही या गल्ल्याचा मोह झाला होता. कॅसिनोंवर कर घेण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, पण तो कधी लागू झाला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला.

इस्लामपूर्व अरबस्तानात बाणांनी चिठ्ठ्या टाकून उंटाच्या मांसाचे वाटे ठरत. त्या खेळाला मैसिर म्हणत. कुरआनने त्यात लोकांचा काही फायदा आहे हे नाकारलं नाही, पण गुनाह त्याहून मोठा असल्याचं सांगितलं. उलेमांनीही मैसिरचा अर्थ बाणांपुरता ठेवला नाही, सगळा जुगार त्यात धरला. म्हणून मोबाईलवरचा सट्टा नवा असला, तरी त्याचा निवाडा जुनाच आहे.