तडा गेलेली प्रतिकृति

ता. ७ फेब्रुवारी १८४५ रोजीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें एका तरुणानें दगडी शिल्पाचा तुकडा उचलून एका कांचपेटीवर फेकला. पेटीसह आंतील पात्राच्या ठिकऱ्या झाल्या. त्या वेळच्या कायद्याची धांव पांच पौंडांच्या नुकसानीपर्यंतच असल्यामुळें त्याला दंड झाला तो पात्राबद्दल नव्हे, तर पेटीबद्दल: तीन पौंड!

तें पात्र म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं रोमन कारागिरांनीं घडविलेलें सुप्रसिद्ध ‘पोर्टलंड पात्र’. उंची वीतभराहून किंचित् अधिक. गर्द निळ्या कांचेवर पांढऱ्या कांचेचा थर, आणि तो थर कोरून उठविलेल्या मानवाकृति. जेथें पांढरा थर पातळ केला आहे तेथें खालची निळाई झिरपते व वस्त्रांच्या चुण्यांस सावली येते. जोसाया वेजवुड ह्या कुंभकलेच्या आचार्यानें चार वर्षें खटपट करून १७९० च्या सुमारास त्याची प्रतिकृति साधली. पण ती मातीची. कांचेंत ती कोणासच साधली नव्हती. स्टाउरब्रिजच्या बेंजामिन रिचर्डसन ह्या कारखानदारानें त्यासाठीं हजार पौंडांचें बक्षीस लावलें होतें, असें सांगतात.

अडचण कोठें होती? कढत चहा ओततांच पेला तडकल्याचा अनुभव कोणत्या घरास नाहीं! कांच उष्णतेनें प्रसरण पावते, थंडीनें आकुंचित होते. मात्र हें प्रमाण प्रत्येक जातीच्या कांचेंत निराळें. दोन रंगांच्या कांचा एकजीव केल्या आणि त्यांचें आकुंचन जुळलें नाहीं, तर आंत ताण राहतो. तो डोळ्यांना दिसत नाहीं. पात्र निवतांना फुटेल, किंवा पुढें केव्हांही.

हें काम वर्डस्ली येथील जॉन नॉर्थवुड (१८३६–१९०२) ह्यानें अंगावर घेतलें. धीराची त्याला संवय होती. बिनरंगी कांचेचें ‘एल्गिन पात्र’ कोरण्यास त्याला सुमारें नऊ वर्षें लागलीं होतीं व तें १८७३ मध्यें पुरें झालें होतें. त्याचा आप्त फिलिप पार्जिटर ह्यानें आपल्या रेड हाउस कारखान्यांत दुहेरी कांचेचें कोरें पात्र करवून दिलें. तें फुंकलें डॅनियल हॅन्कॉक्सनें. हें नांव आम्ही मुद्दाम देतों. कोरणाऱ्याचें नांव राहतें, फुंकणाऱ्याचें हरवतें.

पुढें तीन वर्षें नॉर्थवुड पोलादी टोंचणीनें तो पांढरा थर खरवडीत होता. नको असलेला थर आम्लानें काढतां येतो. पण गालाचा उतार आम्लाला कळत नाहीं. काम संपत आलें असतां हिवाळ्यांतील एका सकाळीं त्यानें पात्र हातांत घेतलें, आणि हाताच्या उबेनें त्याला तडा गेला! इतकीं वर्षें आंत दबा धरून बसलेला ताण त्या क्षणीं सुटला.

नॉर्थवुडनें तें टाकून दिलें नाहीं. सांधून घेतलें, पुन्हा टोंचणी उचलली आणि उरलेलें कोरकाम १८७६ मध्यें पुरें केलें. नव्या पात्रावर नव्यानें आरंभ करण्याहूनही हें कठीण असावें, असें आम्हांस वाटतें; कारण ज्या वस्तूचा व्यंग आपणांस ठाऊक आहे तिच्यावर पूर्वींच्याच काळजीनें हात चालवावयाचा होता.

आमच्या एका स्नेह्यांनीं हें ऐकून विचारलें, “पण शेवटीं ती नक्कलच ना?” प्रश्न रास्त आहे. त्या आकृतींची कल्पना नॉर्थवुडची नव्हेच. परंतु रोमन कारागीर वस्तु मागें ठेवून गेला, रीत नाहीं. मूळ पात्रावर पांढरा थर कसा चढविला ह्याविषयीं तज्ज्ञांत अद्यापि मतभेद आहेत. हरवलेली रीत हातानेंच शोधावी लागते, आणि असा शोध नुसत्या नकलेंत जमा करतां येत नाहीं. दोनच वर्षांनीं जोसेफ लॉक ह्याच्या दुसऱ्या प्रतिकृतीस पॅरिसच्या प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें, व स्टाउरब्रिजच्या परिसरांत ही कला पुढें एक पिढीभर नांदली. मागणी वाढल्यावर आम्ल व चाक ह्यांचा उपयोग वाढला. तीं पात्रें सफाईदार आहेत, पण आम्हांस तीं थोडीं थंड वाटतात.

मूळ पात्र १८४५ मध्यें, मग १९४८-४९ मध्यें आणि पुन्हा १९८८-८९ मध्यें, असें तीनदां सांधलें गेलें. तें ब्रिटिश म्यूझियममध्येंच आहे. नॉर्थवुडचें पात्र अमेरिकेंतील कॉर्निंगच्या कांच-संग्रहालयांत गेलें आहे. रेड हाउस कारखान्याचा विटांचा उंच निमुळता मनोरा मात्र अजून जागच्या जागीं उभा आहे.