जुन्या बुलेटच्या इंजिनाची निगा व पुनर्बांधणी

मद्रास येथे १९५५ मध्ये एन्फील्ड इंडिया कंपनीची स्थापना झाली आणि इंग्लंडमधील रेडिच येथे विकसित झालेली ३५० बुलेट भारतात तयार होऊ लागली. ३४६ घन सेंटिमीटर क्षमतेचे, ७० मि.मी. बोअर व ९० मि.मी. स्ट्रोक असलेले हे एक सिलिंडरचे इंजिन अनेक दशके मूळ रचनेत फारसा बदल न होता बनत राहिले. सिलिंडर बिडाचा असल्याने जाणकारांत ते ‘कास्ट आयर्न इंजिन’ म्हणून ओळखले जाते.

तेलाची व्यवस्था

या इंजिनात तेलाचा साठा क्रँककेसमधील वेगळ्या कप्प्यात असतो. एक पंप तेल क्रँककडे पाठवितो, तर दुसरा ते परत आणतो. गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यास तेल पाझरून क्रँकच्या भागात साचते. त्यामुळे अशी गाडी सुरू करण्यापूर्वी खालचे नट काढून जुने तेल पूर्णपणे बाहेर काढावे, फिल्टर बदलावा आणि नवे तेल भरावे. इंजिन सुरू होताच तेल भरण्याच्या तोंडातून परत येणारे तेल दिसते का, हे पाहावे. ते न दिसल्यास इंजिन त्वरित बंद करणे आवश्यक असते; अन्यथा बिग एंड जाम होण्याचा धोका संभवतो.

टॅपेट व पॉइंट

इंजिन पूर्ण थंड असताना आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वांत वर असताना टॅपेट जुळवितात. पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, परंतु वर-खाली हलू नये, ही त्याची खूण होय. पॉइंटमधील अंतर ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवतात. पिस्टन वरच्या टोकापासून सुमारे ०.८ मि.मी. खाली असताना पॉइंट उघडू लागले पाहिजेत.

पुनर्बांधणी

निळसर धूर येत असल्यास पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह गाइड व सिलिंडरची झीज तपासावी. झीज अधिक असल्यास सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसविला जातो. मात्र प्रत्येक बोअरिंगमध्ये भिंत पातळ होत असल्याने ही संधी मर्यादित असते. केवळ रिंग बदलून भागत असेल, तर बोअरिंग टाळणे हिताचे ठरते. खालून ठोके ऐकू येत असल्यास क्रँक उघडण्यावाचून पर्याय नसतो. पुनर्बांधणीनंतर पहिले काही शे किलोमीटर कमी वेगाने चालवून तेल लवकर बदलावे.

मूळ भागांचे महत्त्व

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जतन केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. ती दहा वर्षे वैध असून नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. चासी, बॉडी अथवा इंजिनात फेरबदल केलेली वाहने यास अपात्र ठरतात.

क्रँककेस तडकले म्हणून दुसऱ्या गाडीचे बसविल्यास त्यावर कोरलेला इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळत नाही. म्हणून शक्य तेथे मूळ क्रँककेस वेल्डिंगने दुरुस्त करून घेणे आणि काढलेला प्रत्येक जुना भाग जपून ठेवणे श्रेयस्कर होय.