नाणेपारख व प्रतवारी (परतूर परिसर)

नाणे अस्सल आहे की नाही हे तपासून त्याची झीज, ठसा आणि पृष्ठभाग यांवरून दर्जा ठरवण्याचे काम. आज हे काम करणाऱ्या व्यावसायिक संस्था नाण्याला आकडा देतात आणि ते पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डबीत मोहोरबंद करून परत पाठवतात. घरातले मौल्यवान नाणे अशा दूरच्या परीक्षकाच्या हवाली करताना विश्वास नेमका कशावर ठेवायचा, हा या नोंदीचा विषय आहे. परतूरसारख्या गावात या प्रश्नाचे उत्तर मुंबई-पुण्याच्या संग्राहकापेक्षा थोडे वेगळे येते, कारण इथली नाणी वेगळी आहेत.

परतूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा हा तालुका परभणीतून त्यात आला. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत दोन रुपये हमखास सापडतात : निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. कलदार ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा, तर हाली ११.१८ ग्रॅमचा, ८१.८ टक्के चांदीचा. सहा कलदारांना साधारण सात हाली असा भाव असे. विसाव्या शतकाच्या आरंभी हाली रुपया यंत्रावर पाडला जाऊ लागला आणि त्यावर चारमिनार आला. चारमिनारच्या कमानीत महबूब अली खानांच्या नाण्यावर ‘मीम’ आणि उस्मान अली खानांच्या नाण्यावर ‘ऐन’ हे अक्षर असते. उस्मान अलींच्या सुरुवातीच्या रुपयांवरील ऐन अर्धा की पूर्ण, यावरून संग्राहक किंमत ठरवतात. याखेरीज हाताने पाडलेले जुने रुपये, तांब्याच्या शिवराया आणि पुतळ्यांच्या माळेतली सोन्याची नाणी मिळतात. पुतळी मुळात व्हेनिसचे डुकाट. पण इथल्या माळांतल्या अनेक पुतळ्या देशी सोनारांनी त्याच धर्तीवर घडवलेल्या असतात.

नाणे पारखून घेण्याची गरज इथे नवी नाही. मराठी मुलखात सारा भरताना नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे, आणि तो बहुधा सोनार असे. नाण्याचा आवाज ऐकणे, वजन करणे, कसोटीच्या दगडावर घासून कस पाहणे आणि शंका आली तर कडेला छेद देणे ही त्याची साधने होती. एकाच बाजारात निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये चालत. जुन्या सालाच्या, झिजलेल्या किंवा परमुलखातल्या रुपयावर बट्टा लागे. सराफ तपासलेल्या रुपयावर आपली बारीक खूण ठोकत, म्हणून अनेक जुन्या रुपयांवर फुली, चांदणी, टिंब असे ठसे दिसतात. त्या काळी ही खूण विश्वासाची होती. आजचा परीक्षक तीच खूण पाहून नाण्याचा दर्जा उतरवतो किंवा आकडा न देता नुसता शेरा लिहितो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र खुणांचा रुपया कोऱ्या रुपयापेक्षा अधिक बोलका असतो. संग्राहकाने तो कमअस्सल समजू नये.

आजची पद्धत अमेरिकेत घडली. डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. पुढे ती सर्वच नाण्यांना लावली गेली. ६० आणि त्यावरचा आकडा म्हणजे व्यवहारात न फिरलेले नाणे. पीसीजीएस या प्रतवारी संस्थेने १९८६ मध्ये आणि एनजीसी या दुसऱ्या संस्थेने १९८७ मध्ये काम सुरू केले, आणि मोहोरबंद डबी हाच बाजाराचा परवाना झाला. एकाहून अधिक परीक्षक स्वतंत्रपणे नाणे पाहतात, मालक कोण हे त्यांना कळू दिले जात नाही. एनजीसीच्या परीक्षकांना नाण्यांचा व्यापार करण्यास मनाई आहे. नाणे खोटे निघाले किंवा दर्जा जास्त लावला गेला तर अटींच्या अधीन राहून भरपाईची हमी मिळते. तांब्याचा रंग पुढे बदलला तर ती हमी सहसा लागू होत नाही, आणि शिवराई पाठवणाऱ्याने हे आधी वाचावे.

या व्यवस्थेचा खरा आधार ही हमी आहे. आकडा मात्र शेवटी माणसाच्या नजरेचा निर्णय असतो. तेच नाणे डबी फोडून पुन्हा पाठवले तर एखादा अंक वर-खाली होऊ शकतो, आणि वरच्या दर्जात एका अंकाने किंमत कित्येक पट बदलते. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींतील वस्तुनिष्ठतेच्या दाव्याला आक्षेप घेतला होता. प्रकरण तडजोडीने मिटले. म्हणून अस्सलपणाच्या निर्णयावर बराच भरवसा ठेवावा, आकड्यावर त्याहून कमी, आणि बाजारभावासाठी तर लेबलाकडे पाहूच नये; किंमत किती हे लेबल सांगत नाही.

हाताने पाडलेल्या नाण्यांना ही मोजपट्टी आणखी अपुरी पडते. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने मजकुराचा काही भाग नेहमीच बाहेर जातो. अशा नाण्यावर टाकसाळीचे नाव आणि साल किती उतरले आहे यालाच महत्त्व, आणि ते आकड्यात येत नाही. शिवाय मजकूर फार्सी असतो. चांदवडच्या रुपयावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे टाकसाळीचे नाव येते. जालना जिल्ह्यातल्या माणसाला ते आपल्याच जाफराबादचे वाटू शकते, पण ते नाशिककडचे चांदवड आहे. अशा नाण्यासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था किंवा मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांच्याकडील जाणकारांचे मत डबीपेक्षा अधिक मोलाचे ठरते.

घरगुती नाण्यांची मोठी अडचण घरातच होते. लक्ष्मीपूजनाचे रुपये दरवर्षी चिंचेने, लिंबाने किंवा रांगोळीने घासून लखलखीत केले जातात. दागिन्यांत वापरलेल्या नाण्याला कडी डाखवलेली असते, आणि ती काढली तरी कडेवर खूण राहते. दोन्ही बाबतींत परीक्षक नाणे अस्सल म्हणतात, पण अंक नाकारून ‘घासलेले’ किंवा ‘दागिन्यातून काढलेले’ असा शेरा देतात. मालकाला हा अन्याय वाटतो. प्रत्यक्षात घासण्याने वरचा मूळ थर गेलेला असतो आणि तो परत आणता येत नाही. विकायचे किंवा पाठवायचे मनात असेल त्या नाण्याला पूजेत ठेवावे, पण घासू नये.

कायद्याची बाजू पाठवण्याच्या आधी पाहावी लागते. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर किंवा अधिक वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते. त्याची खासगी निर्यात हा गुन्हा असून सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. प्रतवारीसाठी परदेशी पाठवून परत आणणे हेही देशाबाहेर नेणेच आहे. म्हणजे महबूब अलींचा हाली, व्हिक्टोरिया राणीचा कलदार, पुतळी, शिवराई ही सगळी नाणी परदेशी परीक्षकाच्या टपालाबाहेर राहतात. डुकरासारख्या दिसणाऱ्या हत्तीमुळे परत घेतला गेलेला १९११ चा पंचम जॉर्जचा रुपयाही त्यातच येतो. नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर १८७८ चा निखात निधी अधिनियम लागतो : दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ते टाळून नाणी थेट विकणाऱ्याचा हिस्सा तर जातोच, शिवाय शिक्षाही होऊ शकते. आणि ठेवा फुटला की नाणी एकत्र कुठे, कशात पुरली होती ही माहिती कायमची नष्ट होते, हे नुकसान सर्वांत मोठे.

डबीतले नाणे विकत घेतानाही सावध राहावे लागते, कारण बाजारात डब्यांच्या नकलाही येतात. लेबलावरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीत शोधून तिथले छायाचित्र हातातल्या नाण्याशी जुळवावे. ओरखडे आणि डाग जुळले पाहिजेत. नुसता क्रमांक सापडला एवढ्याने भागत नाही, खऱ्या डबीचा क्रमांक नकली डबीवर छापता येतो.

प्रतवारीचा खर्च निश्चितपणे सार्थकी लागतो तो सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयासारख्या नाण्याच्या बाबतीत. हा रुपया दुर्मीळ आहे, अजून शंभर वर्षांचा नाही, आणि इतर सालांच्या रुपयावरील आकडा बदलून त्याच्या नकला सर्रास केल्या जातात. पाठवण्याआधी एक तपासणी घरीच होते. १९३९ चा रुपया ९१.७ टक्के चांदीचा असून त्याच्या कडेला साध्या उभ्या रेघा आहेत. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि कडेवर रेघांच्या मध्ये खोबणीची सुरक्षा-नक्षी आली. ‘१९३९’ लिहिलेल्या रुपयाच्या कडेला ही नक्षी दिसली तर तो कुठेही पाठवण्याची गरज नाही.